शेवटच्या वाफ्याची साक्ष

फार पूर्वी डोंगराच्या पोटातल्या एका खोऱ्यात सात गावं होती आणि सातांना मिळून एकच पाट होता. पाणी थोडं आणि तोंडं फार, त्यामुळे त्या गावांचं आपापसात कधी पटलं नाही. लग्नकार्याला एकमेकांकडे जेवायला जात, पण परतताना पाटाच्या दारांवर एक नजर टाकूनच घरी येत.

म्हणून त्यांच्या पूर्वजांनी एक सोय करून ठेवली होती. पाटाच्या मुखाशी एक झोपडी, झोपडीत पाण्याने भरलेलं मोठं घंगाळ, आणि घंगाळात तरंगणारी तांब्याची एक वाटी. वाटीच्या तळाला सुईच्या टोकाएवढं भोक होतं. भोकातून हळूहळू पाणी आत चढे, वाटी भरे आणि बुडे. बुडाली की घटका भरली. मग काशाची थाळी वाजे आणि वाटी रिकामी करून पुन्हा तरंगत सोडली जाई. ठरलेल्या घटका झाल्या की एका गावाचं दार बंद करायचं आणि पुढच्याचं उघडायचं. सूर्य उगवताना पहिल्या गावापासून सुरुवात होई, शेवटच्या गावाची पाळी पहाटे येई. सूर्य पुन्हा उगवला की पाणी पहिल्या गावाचं, मग शेवटच्याचं रान भिजलेलं असो की नसो. हा नियम दगडावर कोरलेला होता आणि तो मोडायची छाती कुणाची नव्हती.

वाटी सांभाळणाऱ्याला पाटकरी म्हणत. त्याच्या हातात घुंगरांची काठी असे. काठी खुळखुळली की बांधावरची माणसं उठून उभी राहत, कारण भांडणारी सात गावं त्या एका माणसावर विश्वास ठेवत.

एका पाटकऱ्याला हौसा नावाची मुलगी होती. आई लहानपणीच गेलेली, तेव्हा ती बापाबरोबर झोपडीतच वाढली. सोळाव्या वर्षापासून ती वाटीशी बसायला लागली. पुढे बापाच्या डोळ्यांत पडदा उतरला. आधी त्याला भोक दिसेना, मग वाटी दिसेना, मग हौसाही दिसेना. त्यानंतरची बारा वर्षं वाटी हौसानेच चालवली. बाप थाळीपाशी बसून राही आणि ती हळूच म्हणे, "बाबा, वाजवा." आणि बाप वाजवी.

ही गोष्ट दोघांनी कुणाला कळू दिली नाही. पाटकरी आंधळा आहे असं एकदा का पसरलं असतं, तर सातही गावांनी बारा वर्षांच्या जुन्या पाळ्या उकरून काढल्या असत्या. बाप म्हणे, "माझ्या नावावर पाणी वाहतंय तोवर वाहू दे, पोरी. नंतर बघू." ते नंतर काही आलं नाही. हौसाचं लग्नाचं वय पाटावरच निघून गेलं. त्याचं तिला फारसं दुःख नव्हतं. तिला एकच आस होती. कधीतरी कुणीतरी ती काठी तिच्या हातात द्यावी आणि चारचौघांत म्हणावं, ही आमची पाटकरीण. पाटपूजेच्या दिवशी बाप तिच्या खांद्यावर हात ठेवून बांधावरून चाले. लोक नमस्कार करत ते काठीला. बापाच्या हाताखालच्या खांद्याकडे कोण बघतो?

एका फाल्गुनात बाप गेला. तेरावा झाला न झाला तोच सात गावांचे पंच नवा पाटकरी निवडायला बसले. एकाने म्हणावं ह्या गावचा हवा, दुसऱ्याने म्हणावं त्या गावचा तर मुळीच नको. तीन दिवस नुसता धुरळा उडाला. शेवटी मुख्य पंचांना एक युक्ती सुचली. त्या काळी राजधानीतल्या विद्यालयात पाण्याचं शास्त्र शिकवत आणि परीक्षेत उतरला की तांब्याची एकेक मुद्रा देत. मुख्य पंच म्हणाले, "आपण पाणी मोजून घेतो, धान्य मोजून घेतो. माणूसही मोजूनच घेऊ. ज्याच्या मुद्रा जड, तो पाटकरी. मग मागाहून कुणाची कुरकुर नको."

सातही गावांनी माना डोलावल्या. ज्यांचा एकमेकांवर विश्वास नसतो त्यांना तराजू फार आवडतो.

ठरल्या दिवशी देवळासमोर तराजू टांगला. दोन उमेदवार बाहेरगावचे होते. एकाने चार मुद्रा टाकल्या. दुसरा एक सडपातळ, खाली मान घालून बोलणारा शास्त्री होता. त्याने कमरेचा कसा सोडला आणि पारड्यात एकामागून एक नऊ मुद्रा ठेवल्या. पारडं जमिनीला टेकलं.

मग हौसा पुढे आली. तिच्या हातात काहीच नव्हतं.

"तुझ्याकडे काय आहे, पोरी?" मुख्य पंचांनी विचारलं.

"मी बावीस वर्षं वाटीशी बसलेय, अण्णा."

"शेजारी बसणं वेगळं. वाटी चालवत कोण होतं?"

हौसाने तोंड उघडलं. बारा वर्षं तिच्या ओठांवर आली. पण त्या वर्षांबरोबर बापाचे विझलेले डोळेही बाहेर आले असते, आणि तो तर आता उत्तर द्यायलाही नव्हता.

"बाबा," ती म्हणाली.

गर्दीतल्या चार-सहा जणांनी उगाच जमिनीकडे पाहिलं. शेवटच्या गावची एक म्हातारी खोकली आणि पुन्हा गप्प झाली. काठी नऊ मुद्रावाल्याला मिळाली.

शास्त्री माणूस वाईट नव्हता. झोपडीचा ताबा घेताना त्याने हौसाला अदबीने विचारलं, "बाई, ह्या वाटीबद्दल मला काही सांगण्यासारखं आहे?"

हौसा तेव्हा गाठोडं बांधत होती. गाठोड्यात दोन लुगडी आणि बापाची घोंगडी एवढंच होतं. ती वरही न बघता म्हणाली, "तुमच्या पोथीत सगळं असेलच की."

असं म्हणून ती निघाली ती खोऱ्याच्या पार खालच्या टोकाला, शेवटच्या गावात आली. वाटीपासून जितकं लांब जाता येईल तितकं तिला जायचं होतं. ती देवळापाशी खोकलेली म्हातारी तिथेच राहत होती. तिचं रान गावाच्या शेवटाला होतं आणि रानातला शेवटचा वाफा म्हणजे साऱ्या पाटाचा शेवट. तिने हौसाला ओसरीवर जागा दिली आणि रानात काम दिलं. काही विचारलं नाही.

पण लांब गेलं म्हणून सुटका होते थोडीच? थाळीचा आवाज डोंगरावर आपटून खालपर्यंत येई. हौसा खुरपत असली तरी तिचे कान वर असत. थाळी वाजली की तिचा उजवा हात आपोआप पुढे होई, वाटी उचलून रिकामी करायला, आणि हातात नुसतं गवत येई. एकदा म्हातारीने ते पाहिलं. हौसा ओशाळली. "सवय आहे, मावशी," म्हणाली. खरं तर ती सवय नव्हती, माहेरची ओढ असते तसं काहीतरी होतं, आणि माहेरी परतायची वाट बंद झाली होती.

चैत्र गेला, पावसाळा गेला, दिवाळीही गेली. शास्त्र्याचं काम चोख चाललं होतं. सातही गावं खूश होती आणि हौसा मनातल्या मनात थोडी खट्टू होती. माणसाचं मन असंच असतं.

मग पौष आला. एका सकाळी हौसा वाफ्यात उभी राहून थाळ्या मोजत होती. पौषात चौदावी थाळी वाजली की सावली पायाशी येते, हे तिला बावीस वर्षांचं पाठ होतं. त्या दिवशी तेरावीलाच सावली पायाशी आली. दुसऱ्या दिवशीही तेच. हौसा जागच्या जागी थबकली. वाटी उशिरा बुडत होती. घटका लांबल्या होत्या. वरच्या गावांना आपापल्या घटका मोजून मिळत होत्या, पण दिवस काही कुणासाठी लांबत नाही. शेवटच्या गावाची पाळी अर्धी होते न होते तोच सूर्य उगवत होता आणि पाणी पुन्हा पहिल्या गावाला जात होतं.

कारण तिला क्षणात कळलं. पौषात डोंगरावरून येणारं पाणी गारठतं. गारठलेलं पाणी बारीक भोकातून चढायला आळस करतं आणि वाटी रेंगाळते. म्हणून बाप थंडीच्या दिवसांत काळे माठ उन्हात ठेवून त्यातलं कोमट पाणी घंगाळात घाली आणि रात्री घंगाळाखाली शेगडी ठेवी. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. बाप बोट पाण्यात घालून बारा आकडे मोजे. बोट बधिरलं की म्हणे, "पाणी बदल गं."

तिला माहीत होतं. तरी ती गप्प राहिली.

एक दिवस गेला, चार गेले, पंधरा गेले. शेवटच्या वाफ्यातला गहू ओंबीवर येता येता पिवळा पडायला लागला. म्हातारी रोज येऊन त्याच्यापाशी बसे. तिच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडत नसे. गावातले लोक मात्र पेटले. वरच्या गावांनी शास्त्र्याला फितवलंय, असं पारावर ठरलं. उद्या दिवस वर आला की काठ्या घेऊन जायचं, वाटी फोडायची आणि शास्त्र्याला खोऱ्याबाहेर हाकलायचं.

हौसाने ते ऐकलं. तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं खुरपत राहायचं होतं. शास्त्री गेला की लोक कुणाकडे येणार होते? बावीस वर्षांची आस अशी आपल्या पायांनी दारात चालत आली होती. तिने घुंगरांचा आवाज ऐकलासुद्धा.

तेवढ्यात म्हातारी वाफ्यातून उठली. तिच्या हातात एक ओंबी होती. ती चोळून तिने हौसापुढे हात पसरला. आत दाणा नव्हता, नुसता फोलपटाचा भुगा होता.

"दूध भरायच्या दिवसांत तहानलं गं," म्हातारी म्हणाली. "लेकरासारखं."

ती कुणाला दोष देत नव्हती. त्यामुळेच हौसाला ते सोसलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच हौसा निघाली. लोकांच्या आधी पोचायचं म्हणून तीन कोसांची चढण तिने न थांबता चढली. झोपडीच्या दारात शास्त्री वाटी मांडीवर घेऊन बसला होता. त्याची दाढी वाढली होती आणि डोळे तांबारलेले होते.

"या बाई," तो म्हणाला. "मी भोक दहा वेळा तपासलं. वाटीचं वजन तपासलं. आधी वाटलं रात्री बसायला मी ठेवलेले राखणदार पेंगतात, म्हणून मीच रात्री बसलो. पोथीप्रमाणे कुठेच चूक नाही. आणि तरी साठ घटकांच्या दिवसात छप्पनच भरतात."

"पोथी लिहिली कुठे?"

"राजधानीत."

"तिथे पौषात पाणी कसं असतं?"

"कोमट. का?"

"घंगाळात हात घाला," हौसा म्हणाली. "आणि बारा आकडे मोजा."

शास्त्र्याने हात घातला. नवव्या आकड्याला झटकन बाहेर काढला. बोटांकडे बघत तो म्हणाला, "पाणी गारठलं की जड चालतं, हे मी वाचलेलं आहे, बाई. पाचव्या मुद्रेच्या वेळी त्यावर प्रश्नही आला होता. पण ते हेच पाणी, हे मला सुचलं नाही."

हौसाला वाटलं होतं की ह्या क्षणी आपल्याला आनंद होईल. तसा झाला नाही.

"नऊ-नऊ मुद्रा घेतल्यात तरी कशाला?" तिने विचारलं. विचारण्यात राग नव्हता.

"पहिली घेतली आणि कामाला गेलो. लोक म्हणाले, आधी कुठे काम केलंयस का? नाही म्हटलं. म्हणाले, मग जा. दुसरीकडे गेलो, तिथेही तेच. काम कुणी देईना, म्हणून आणखी एक मुद्रा. पुन्हा तेच, म्हणून आणखी एक. नऊ वर्षं मी पाण्याबद्दल वाचत होतो, बाई, आणि वाहत्या पाण्याजवळ कुणी मला बसू द्यावं म्हणून झुरत होतो. इथे आलो त्या दिवशी पहिल्यांदा पाटात पाय बुडवले."

हौसा त्याच्यासमोर खाली बसली. झुरणं काय असतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"चैत्रात तुम्ही विचारलंत तेव्हा मी रागाने सांगितलं नाही," ती म्हणाली. "वाफा वाळला तो माझ्याही पायी."

तोवर खालून आरडाओरडा ऐकू आला. शेवटच्या गावचे लोक काठ्या घेऊन चढून आले होते. गोंगाट ऐकून वरच्या गावांचे लोक धावले आणि पाठोपाठ पंचही आले. हौसा दारात उभी राहून सांगू लागली, "शास्त्रीबुवांचा दोष नाही, पाणी गारठलंय." कुणी ऐकेना. एक जण तर म्हणाला, "हिला वाटी पाहिजे, म्हणून रचतेय."

शास्त्री मात्र आत गेला. पेटीत जपून ठेवलेली जोडीची दुसरी वाटी त्याने बाहेर आणली. वजन तेच, भोक तेच. एका घंगाळात पाटाचं पाणी भरलं, दुसऱ्यात चुलीवर कोमट केलेलं. मग तो काठ्या घेतलेल्या लोकांना म्हणाला, "दोन्ही वाट्या तुमच्याच हाताने सोडा. मी शिवणार नाही."

दोघा जणांनी वाट्या एकदम सोडल्या. सारं खोरं बघत राहिलं. कोमट पाण्यातली वाटी बुडाली, तेव्हा गार पाण्यातली अजून कडा वर काढून तरंगत होती. हळूहळू काठ्या खाली आल्या.

हौसाच्या मनात आलं, हे आपल्याला कधी जमलं नसतं. आपल्याला कळत होतं, पण दुसऱ्याला दिसेल असं मांडता येत नव्हतं.

"हे तुम्ही शोधलंत?" मुख्य पंचांनी शास्त्र्याला विचारलं.

"नाही. मी फक्त दाखवलं. ठाऊक ह्या बाईंना होतं."

सगळ्यांच्या नजरा वळल्या. "तुला कसं गं ठाऊक?"

आता मात्र गप्प राहण्यासारखं काही उरलं नव्हतं. हौसाने पदर हातात गच्च धरला. "बाबांना शेवटची बारा वर्षं दिसत नव्हतं," ती म्हणाली. "वाटी मी चालवली. तुमचं पाणी माझ्या हातून गेलं. त्यात खोट वाटत असेल तर मला बोला. त्यांना बोलू नका."

मुख्य पंचांनी घसा साफ केला. "असं असेल तर पाहावं लागेल. पण पुरावा काय? तराजू आणा, हिच्याकडे काही..."

"तराजू राहू दे. मला विचार," मागून आवाज आला. शेवटच्या वाफ्याची म्हातारी तीन कोस चढून आली होती आणि धापा टाकत होती. लोकांनी तिला वाट दिली.

"वर्षाला पाटकऱ्याच्या वाट्याचं धान्य घेऊन मीच यायची," ती म्हणाली. "ह्या पोरीचा बाप आधी माझ्याकडे बघून हसायचा. नंतर नंतर पायलीत हात घालून धान्य ओळखायचा आणि भिंतीकडे बघून हसायचा. मला काय कळलं नाही? मला कळलं, आणखी चौघांना कळलं. घरी गेले आणि त्या वर्षभर माझा शेवटचा वाफा बघत राहिले. साऱ्या पाटाचं चुकलं की ते तिथे दिसतं. बारा वर्षं, बारा पौष, माझा वाफा एकदाही तहानला नाही. ही माझी साक्ष. तोल तुझ्या तराजूत."

पहिल्या गावचा एक जण खाली बघत म्हणाला, "मलाही ठाऊक होतं." मग तिसऱ्या गावचा म्हणाला. मग आणखी एक.

म्हातारी हौसाजवळ आली. "देवळापाशी बोलायला पाहिजे होतं, पोरी. उगाच खोकले आणि गप्प बसले. कुणी विचारलं नाही, असं मनाला सांगितलं."

"मीही गप्प बसले, मावशी. तुमचा गहू गेला."

"मग फिट्टंफाट," म्हातारी म्हणाली आणि तिने हौसाच्या डोक्यावरून हात फिरवला.

शास्त्र्याने कोपऱ्यातली काठी आणली आणि पंचांच्या हातात न देता सरळ हौसापुढे धरली. "मला जायला सांगू नका," तो हळूच म्हणाला. "वाटीशी बसू द्या. आणखी काही नको."

"बसा," हौसा म्हणाली. "मीच एकटी किती बसणार? आणि ते दोन वाट्यांचं कसं सुचलं, ते मला शिकवा."

पुढे त्या खोऱ्यात माणूस निवडताना मुद्रा बघायचेच. परक्या माणसाला ओळखायला काहीतरी खूण लागतेच. पण आधी कुणीतरी उठून शेवटच्या गावात जाई आणि विचारी, "ह्याच्या हातचं काम तुम्ही पाहिलंय का?" ज्याने पाहिलं असेल त्याने खोकायचं नाही, बोलायचं, असा नियम पहिल्या दगडाच्या शेजारी दुसऱ्या दगडावर कोरला. आणि ज्याने अजून काहीच केलेलं नसेल, त्याला एक पौषभर वाटीशी बसू देत.

त्या दिवशी दुपारी हौसा काठी घेऊन पाटाच्या कडेने खाली निघाली. घुंगरं वाजली तशी बांधावरची माणसं उठून उभी राहिली. एकाने हाक मारली, "पाटकरीणबाई, आमची पाळी कधी?"

ह्या एका हाकेसाठी ती बावीस वर्षं थांबली होती. पण उत्तर द्यायच्या आधी तिचा हात नकळत डाव्या खांद्याकडे गेला, जिथे बापाचा हात असायचा. तिथे कुणी नव्हतं. त्याने ही हाक ऐकायला हवी होती, असं तिला इतकं वाटलं की डोळ्यांपुढचा पाट धूसर झाला.

तेवढ्यात वर झोपडीत थाळी वाजली. शास्त्र्याने घटका बरोबर भरली होती. हौसाने डोळे पुसले.

"पुढची तुमचीच," ती म्हणाली. "दार उघडा."

तात्पर्य: मुद्रा आपली ओळख परक्यांना सांगते, पण हाताने केलेल्या कामाला स्वतःची जीभ नसते, ज्यांनी ते काम पाहिलं आहे त्यांनी वेळेवर बोलावं, नाहीतर तहानतो तो शेवटचा वाफा.